भट्टीत फुटणारं घर

"पुन्हा घरच फुटलं," निवलेल्या भट्टीत डोकं घालून टिटवीचा आतेभाऊ बोका म्हणाला. "टेकड्या ठणठणीत, झाडं ठणठणीत."

टिटवीचा चेहरा पडला. सुट्टी लागताच ती आत्याकडे धावली होती, ती या एका घरासाठीच. आत्या मातीतून चिमुकली गावं घडवायची. उतरत्या छपरांची घरं, दगडी बांध, टेकड्या. मग ते सगळं भट्टीत भाजून त्यावर झिलई चढवायची. या वेळी मात्र ती स्वतःचं, लहानपणीचं घर करत होती. आजोबा शहरात आले आणि मागे ते घर पाडलं गेलं. टिटवीसुद्धा सहा वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढली होती. आता आजोबांना दिसत नव्हतं. निदान हातांना तरी घर भेटावं, म्हणून आत्याने घरामागच्या उतारावरची माती पोतंभर आणली होती. दोन घरं फुटली. आता एकापुरतीच माती उरली होती.

"माझा हातच गेला," आत्या म्हणाली. "हे शेवटचं. फुटलं तर पुन्हा नाव काढायचं नाही."

ते ऐकून टिटवीला रडूच फुटायचं बाकी होतं. पण बोक्याच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे प्रश्नचिन्हाला, गप्प बसणं कुठलं माहीत! घरंच का फुटतात, टेकड्या का नाहीत, असं तिने दिवसभर विचारून सगळ्यांचं डोकं उठवलं. संध्याकाळी टिटवीला वाटलं, प्रश्न काही वेडगळ नाही. टेकड्या खालून उघड्या असतात आणि घरं चहूबाजूंनी बंद. म्हणूनच आतली वाफ निघून जावी यासाठी आत्या विणायच्या सुईने घराच्या तळाला छिद्र पाडते. तिघांनी फुटके तुकडे निवडले, तळ जुळवला. छिद्राच्या जागी मातीचा गुळगुळीत बोळा बसला होता, आणि त्यावर अंगठ्याचा ठसा.

बोक्याचा संशय घरातल्या मांजरावर होता. मांजराला अंगठा नसतो, हे त्याला पटवण्यात बराच वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी आत्याने उरलेल्या मातीचं शेवटचं घर घडवताच त्यांनी ते खरं घर टोपलीखाली लपवलं. साध्या मातीचं एक ओबडधोबड घर करून त्याच्या तळाला चार छिद्रं पाडली, ते फळीवर ठेवलं आणि तिघं मांडणीमागे दडून बसले. दुपारी आत्याचा डोळा लागला आणि दार हळूच उघडलं. आत आले आतोबा, म्हणजे बोक्याचे बाबा. यंदा रजा घेऊन ते आत्याच्या मदतीला लागले होते. माणूस इतका टापटीप की दारातल्या चपलासुद्धा ओळीत लावायचा. त्यांनी घर उलटं केलं, च् च् केलं आणि ओल्या मातीने एकेक छिद्र बुजवायला घेतलं. चौथ्यावर अंगठा फिरताच प्रश्नचिन्हाला राहवेना.

"बाबा, मग वाफ कुठून जाणार?"

आतोबांच्या हातातून घर निसटता निसटता राहिलं. "मला वाटलं, ही भोकं हिच्या हातून चुकून राहून जातात," ते पुटपुटले.

आवाजाने आत्या उठून आली. हसावं की रडावं, तिला कळेना. "एकदा विचारायचं तरी होतं मला," एवढंच ती म्हणाली, आणि आतोबा डोकं धरून बसले.

खरं घर सावकाश वाळवून आत्याने भट्टीत ठेवलं. ते अखंड निघालं.

आजोबांनी ते मांडीवर घेतलं. छप्पर, पायऱ्या, खिडक्या चाचपत त्यांची बोटं मागच्या बाजूला आली आणि तिथेच थांबली.

"मागचं दार का लावलंस गं? आपण ते कधी लावत नव्हतो."

"भाजून झालं, बाबा. आता उघडायचं नाही ते," आत्या हळू आवाजात म्हणाली.

आजोबांनी मान हलवली, पण हात काही काढला नाही. ते म्हणाले, "पोरांनो, शहाणी आहात. मला पार दारापर्यंत नेलंत."

टिटवी त्यांना खेटून बसली. त्या दारापलीकडचा उतार तिला स्पष्ट आठवत होता. तिला तिथे जायचं होतं, फार जायचं होतं. तिने आपलं बोट आजोबांच्या बोटाशेजारी, त्या बंद दारावर ठेवलं.