सहा चकत्या

पटो न पटो, यात मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. मागच्या मार्चमध्ये, थायलंडमधल्या खोनकेनच्या एका इस्पितळात, भर सकाळी हे घडलं.

सुनिसा माझ्या बायकोची धाकटी बहीण. तिथल्या प्रयोगशाळेत काम करते.

आधी ती सशांवर मलमं तपासायची. त्यांचे डोळे तिला झोपू देईनात. मग शस्त्रक्रियेत काढलेली, लोकांनी राजीखुशीने दिलेली कातडी येऊ लागली, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. पोषक पाण्यात ही कातडी आठवडाभर जिवंत राहते. दुखायला मात्र कुणी नसतं.

त्या आठवड्यात ताटलीत एकाच बाईच्या कातडीच्या सहा चकत्या होत्या. तीन-तीनच्या दोन ओळी. रोज दहाला पाचांवर औषध, शेवटचीवर नुसतं पाणी.

चौथ्या दिवशी खालच्या वॉर्डातून नर्स नोईचा फोन आला.

"काय गं, दहा वाजता तुम्ही वर काय करता?"

"का?"

"पोटाची कातडी दिलेल्या मालीवान मावशी आहेत ना, रोज दहा वाजले की आग होते म्हणून कण्हतात. डॉक्टरांना काही सापडेना."

सुनिसा हसतच खाली गेली.

मावशी घामाने निथळत होत्या. उशाशी चिकट भाताची टोपली तशीच पडली होती.

"बघ ना पोरी," म्हणत त्यांनी कपडा वर केला.

टाक्यांच्या पट्टीच्या वर... लाल, गोल डाग.

नाण्याएवढे.

वर तीन. खाली दोन.

सहाव्या जागी... काहीच नाही.

वर येऊन सुनिसाने चकत्या धुतल्या, प्रयोग बिघडला असं लिहिलं आणि ताटली फ्रीजमध्ये ठेवली.

तासाभराने पुन्हा नोई.

"आग थांबली गं. डागही गेले."

सुनिसाने श्वास सोडला.

"पण आता हुडहुडी भरलीय. तीन पांघरुणं घातली. ताप नाही, काही नाही... ओठ निळे पडलेत."

सुनिसा धावली. ताटली परत उबेच्या पेटीत ठेवली.

मावशी बऱ्या होऊन घरी गेल्या.

आठवड्यात मरायची ती कातडी वर्ष झालं तरी... गुलाबी आहे. सुनिसा रोज पाणी बदलते.

परवा जेवताना हळूच म्हणाली, "भाऊजी, पुढच्या महिन्यात बाळंतपणाची रजा. साहेब म्हणतात, जुनं सगळं भट्टीत टाकून जा."