बारा जणांचं टेबल

पाषाणच्या प्रयोगशाळेत डॉ. मृदुला टिपणीस यांनी आपल्या मुलीचं प्रतिमन पुन्हा आंबेखिंडीला पाठवलं. प्रतिमन म्हणजे मनाची संगणकातली हुबेहूब नक्कल. कॉलेजच्या आभासी प्रतिकृतीत ते चार वर्षं जगून तासाभरात परत येतं. पूर्वी आईबाप शेजाऱ्यांना विचारून कॉलेज ठरवत. त्यात फसगत व्हायची, म्हणून मृदुलाबाईंनी हे तंत्र काढलं होतं.

आंबेखिंडीचं उदारविद्या महाविद्यालय नामांकित आणि चिमुकलं. एका टेबलाभोवती बारा विद्यार्थी, एक प्राध्यापक आणि दिवसभर वाद. माहितीपत्रकावर एकच वाक्य: 'आम्ही प्रत्येकाला ओळखतो.' त्यांच्या लेकीला, इरावतीला, तिथे पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली. आईच्या सल्ल्यानं तिनं बाकीचे प्रवेश सोडले आणि आज सकाळी ती निघाली.

प्रतिमन परतलं ते गप्प.

"एरवी हिचं तोंड मिटत नाही," मृदुलाबाई म्हणाल्या. "गेल्या खेपेला तर फुलून आली होती. काय बिघडलं?"

"काही नाही," त्यांचे जुने सहकारी सदानंद खरे म्हणाले. "चारशेंच्या वर्गात शेजारी कोण, यानं फरक पडत नाही. सरासरी माणसं बसवली तरी भागतं. बारा जणांत शेजारी हाच अभ्यासक्रम. मागे तू सरासरी अकरा बसवलेस. आज कॉलेजनं निवडलेले खरेखुरे अकरा होते."

"त्यांचं काय झालं?"

"झकास झालं. इरा मनापासून चुकीची बाजू धरते आणि सोडत नाही. तिला हरवता हरवता सगळ्यांना धार येते. टेबलाला एक सहाण लागतेच."

"सहाण झिजते, सदानंद."

"म्हणून तर शिष्यवृत्ती."

"हे त्यांना कुणी सुचवलं?"

खऱ्यांनी चष्मा पुसला. "निवड मी करून देतो. सूत्र तुझंच. अख्ख्या टेबलाची वाढ जास्तीत जास्त हवी. एक उणे, अकरा अधिक."

"दर रविवारी माझ्या घरी जेवतोस तू."

"त्याशिवाय पोरीला इतकं ओळखलं असतं का?"

मृदुलाबाईंनी फोन लावला.

"आई, पोचले गं. नाव सांगायच्या आधीच दारात मला नावानं हाक मारली. खुर्चीसुद्धा ठरलेली आहे माझी."

"इरा, बॅग उघडू नकोस. परत ये. ते कॉलेज तुझ्यासाठी नाही."

पलीकडून ओळखीचा, खूश आवाज आला.

"मला नाही पटत. चल, घाल वाद."