दोन ठोके

वेल्ह्याच्या वरच्या पठारावरून भोकं पाडणारं मशीन उतरलं, माणसंही गेली, आणि नूतन तेवढी मागे राहिली. काम साधंच होतं. जमिनीतून काढलेले दगडाचे लांब दांडे पत्र्याच्या शेडमध्ये पेट्यांत मांडले होते. ते तपासून तांबं कुठल्या थरात आहे ते टिपायचं, आणि गणपतीनंतर टेम्पो आला की पेट्यांसकट खाली उतरायचं. भूगर्भशास्त्र शिकलेल्या बाईला यात भिण्यासारखं काय असणार?

आपल्या सह्याद्रीचा काळा दगड मोठा थापाड्या. फोडला की आत हिरवं दिसतं, माणूस हरखतो, आणि ते निघतं नुसती हिरवी माती. खरं तांबं लागलं ते एकाच भोकात, कड्याच्या अगदी तोंडाशी पाडलेल्या. तिथल्या दगडात केसाएवढ्या लालसर तारा होत्या. त्या हाताळल्या की बोटांना जुन्या नाण्यांचा वास यायचा आणि जेवताना भाकरीलाही लागायचा.

वर बोलायला एकटी ठकुबाई. धनगरवाड्यातली म्हातारी, शेरडं घेऊन यायची, नूतनसाठी दूध आणायची. धुकं असलं की वाटेत थांबून काठी खडकावर एकदा आपटायची. थड्! मग नूतननं शेडपाशी रोवलेल्या लोखंडी पाइपावर हातोडीनं दोन ठोके द्यायचे. त्या रोखानं म्हातारी यायची.

"दोनच का, आजी?"

"येकाला येक कोन बी देतंय, पोरी. दरी देती, कडा देतो. माणूस आसलं तर दोन देतंय. येकच आला, नायतर लई आलं, तर आमी तिकडं पाऊल टाकत न्हाई."

ठोकून बघायची सवय नूतनच्या धंद्यातलीही होतीच. सलग दगड खणखणतो, भेगाळलेला बद्द वाजतो. एका दुपारी कड्यावरच्या त्या भोकाच्या लोखंडी झाकणावर तिनं सहज हातोडी मारली. खण्. जरा वेळानं खालून आलं... खण्.

एकटं माणूस काय करेल याचा नेम नसतो. मोबाईलला रेंज नाही, समोर दिवसभर मुके दगड. तिला हसूच आलं. "माणूस असशील तर दोन दे की," म्हणत तिनं दोन ठोके मारून दाखवले. खालून एकच आला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, मग रोजच जाऊ लागली. खरं सांगायचं तर त्या पठारावर तिला कुणीतरी ओ देत होतं, आणि ती ओ तिला हवीशी वाटायला लागली होती.

मग एकदा खालून दोन आले.

ती शेडपर्यंत पळतच आली. पुन्हा तिकडे फिरकली नाही. ठकुबाईला मात्र तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं तर म्हातारी यायची थांबेल, या धास्तीनं तिनं जीभ आवरली.

भादव्यातली भरदुपार होती. धुकं इतकं दाट, की शेडच्या दारातून पाइप दिसेना. लांबून आवाज आला. थड्!

नूतननं बाहेर येऊन हातोडी उचलली. ती पाइपावर पडायच्या आत दोन ठोके वाजले.

खण्, खण्.

कड्याकडून.

"आजी! तिकडं नाही... इकडं या!"

धुक्यानं शब्द गिळले. तिनं पाइप बडवायला सुरुवात केली. भीतीनं तिला मोजायचंच भान राहिलं नाही, हात नुसता पडत राहिला. कड्याकडचे ठोके मात्र शांत, स्वच्छ. दोन. थांबून पुन्हा दोन.

"व्हय व्हय, आले गं पोरी... आले..."

म्हातारीचा आवाज लांब गेला होता. हातोडी टाकून नूतन धावली, दगडाला अडखळून पडली, उठली. पुढे कुठेतरी एकदा काठी वाजली. मग काहीच नाही.

धुकं विरलं तेव्हा शेरडं कड्याकडे तोंड करून उभी होती. झाकणाशेजारी दुधाची किटली नीट ठेवलेली होती, थेंबही सांडला नव्हता. वाडीवरची माणसं दोन दिवस दरी धुंडत होती. ना ठकुबाई सापडली, ना तिची काठी.

"तुमी दोन ठोकं दिलं न्हवं, मॅडम?" म्हातारीचा मुलगा बाजी म्हणाला. "वाडीवर बी ऐकू आलं. आमी म्हनलं, आई पोचली..."

नूतननं मान खाली घालून पेट्या बंद करायला घेतल्या.

टेम्पो आला, पेट्या चढल्या. ड्रायव्हर हॉर्न देत होता, तरी तिचे पाय कड्याकडे वळले. माफी मागावी असं वाटत होतं, पण कुणाची मागायची ते कळत नव्हतं. ती झाकणापाशी उभी राहिली. हातोडी हातात होती, पण ती तिनं उचलली नाही.

खालून एक ठोका आला.

तिचा कान धंद्यात तयार झालेला. हा दगडाचा आवाज नव्हता, लोखंडाचाही नव्हता. बद्द, लाकडाचा.

थड्!

आणि मग ते थांबलं, तिच्या दोन ठोक्यांची वाट बघत.