साठ वाद्यांपलीकडचा आवाज

“हे किंचाळणं माझ्या घरात चालायचं नाही, सांगून ठेवते!” दुर्गाबाईंनी हातातला तांब्या ओट्यावर आपटला, आणि हलीनाचा सूर मध्येच तुटला...

“वरच्या अरुणाचं पोर दचकून रडतंय,” सासूबाई म्हणाल्या. “गाण्याने माणसाला शांत वाटायला हवं. नंदू, तूच सांग तुझ्या बायकोला!”

“आई, अगं, तिची प्रॅक्टिस...” नंदकिशोर पुटपुटला आणि नेहमीप्रमाणे त्याने वर्तमानपत्रात डोके खुपसले.

हलीनाने खिडकी लावून घेतली. पोलंडमधल्या पोझनानच्या एका विणकर बाईची ही मुलगी एकोणिसाव्या वर्षी ऑपेराच्या कोरसमध्ये उभी राहिली होती, पंचविशीत नायिका झाली होती. ऑपेरा म्हणजे संगीत नाटकच, पण त्यात गद्य जवळजवळ नाही आणि माईक तर नाहीच! समोर साठ वाद्ये वाजत असताना उघड्या गळ्याने शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे, हीच तिची सारी विद्या. केमिकल इंजिनिअरिंग शिकायला गेलेल्या नंदकिशोरने तिथे तिला ऐकले... आणि पंचाहत्तर साली ती त्याच्या मागोमाग रबाळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आली. आठ वर्षे तिने भाकऱ्या थापल्या, मराठी शिकली, सासूचे पाय चेपले, पण आवाज मरू दिला नाही. आणि आता, त्र्याऐंशी साली, तिच्या जुन्या ऑपेरा कंपनीने तिला नोव्हेंबरात पुन्हा नायिकेची भूमिका देऊ केली होती. तिचे वय छत्तीस. ही संधी गेली की दुसरी येणार नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या तळवली गावापलीकडच्या मिठागराच्या बांधावर जाऊन गाऊ लागली.

“बाय, तुला कुठं दुखतंय का गो?” मिठागरात राबणाऱ्या पुतळाने एकदा काळजीने विचारले, आणि हलीना कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसली.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी कारखान्याचा भोंगा अवेळी वाजू लागला, तो थांबेचना. क्लोरीनची टाकी फुटली होती! हिरवट पिवळा वायू कुंपणाखालून क्वार्टर्सकडे सरकू लागला. एकाहत्तरच्या युद्धात शिकवलेली कवायत दुर्गाबाईंच्या अंगात भिनली होती: भोंगा झाला की दारे लावायची आणि जमिनीवर पालथे पडायचे. “झोपा गं, सगळ्या खाली झोपा!” असे म्हणत त्यांनी तळमजल्यावरच्या बायकापोरांना दामटून आडवे केले.

हलीना गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, हे नंदकिशोरने तिला कधीच सांगून ठेवले होते. ती वरून ओरडली, पण भोंग्यापुढे कुणालाच ऐकू गेले नाही. इथेच थांबली तर ती सुरक्षित होती... तिचा नोव्हेंबरही सुरक्षित होता. क्षणभर तिचा पाय अडखळला. मग ती जिना उतरली.

खालच्या अंगणात उभे राहून तिने पोट भरून श्वास घेतला आणि भोंग्याच्याही वरच्या पट्टीत सूर लावला, “वर या! आई, गच्चीवर या!” प्रत्येक श्वासासरशी गळ्यातून निखारे उतरत होते. एक दार उघडले. दुसरे उघडले. पोरांना काखोटीला मारून बायका जिन्याकडे धावल्या, सर्वांत शेवटी दुर्गाबाई. सगळी वाचली... तिचा आवाज तेवढा खालीच राहिला!

“बोलता येईल, कुजबुजल्यासारखं,” डॉक्टर म्हणाले. “गाणं मात्र विसरा.”

नंदकिशोर भिंतीकडे तोंड करून रडला. नोव्हेंबर आला आणि गेला.

एका दुपारी दुर्गाबाई तिच्या खाटेशी येऊन बसल्या. “पोरी, मी तुझं गाणं घराबाहेर काढलं, आणि तेच मला शोधत दारात आलं गं!” त्यांचा बांध फुटला. “मीच सगळ्यांना खाली निजवलं. मला बोल, शिव्या दे, पण अशी बघत राहू नकोस...”

“राग आहे, आई,” हलीना कुजबुजली. “खूप आहे.”

“असू दे. असायलाच हवा.”

हलीनाने त्यांचा सुरकुतलेला हात हातात घेतला. तिने विचारले, “अंगणातला तो सूर... तुम्हाला आठवतो?”

“मरेपर्यंत आठवेल.”

“मग लावा.”

आरतीपलीकडे आयुष्यात कधी न गायलेल्या दुर्गाबाई बावरल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, पाठ ताठ केली, आणि फाटक्या, कापऱ्या आवाजात तो सूर लावला. अरुणाचे पोर वरच्या मजल्यावर पुन्हा रडू लागले.

हलीना डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली. तिच्या गालांवरून आसवे ओघळत होती.

“नाही,” ती कुजबुजली. “पुन्हा.”