सदतीस ग्रॅम

मदत केंद्राच्या मागच्या खोलीत एक फ्रीज होता, एक वजनकाटा आणि एक वही. पुढच्या खोलीत वकीलबाई बसत, मंगळवारी एक डॉक्टर येत. छातीत बसवलेलं इम्प्लांट फुटून आजारी पडलेल्या बायका तिथे येत. बहुतेकींना आधी चार ठिकाणी वेड्यात काढलेलं असे. काढलेली इम्प्लांट्स सीलबंद बरण्यांतून फ्रीजमध्ये राहत. पुराव्याला कुणी हात लावला नाही हे दाखवायला दर सोमवारी सील न फोडता प्रत्येक बरणी तोलायची, रिकाम्या बरणीचं वजन वजा करायचं आणि वहीत लिहायचं. हे काम रसायनशास्त्राची पदवी नुकतीच घेतलेल्या एका मुलीकडे होतं. एकेचाळीस नंबरची बरणी तिच्या मावशीची होती, म्हणून त्या ओळीवर वकीलबाईंचीही सही लागे.

मावशी शिवणकाम करायची. कर्करोगात डावा स्तन काढावा लागला, त्या जागी हे बसवलं होतं. कारखान्याचा शिक्का दोनशे ऐंशी ग्रॅमचा. बाहेर काढलं तेव्हा भरलं दोनशे त्रेचाळीस. त्यातलं उरलेलं सदतीस ग्रॅम सिलिकॉन जेल मावशीच्या अंगात मुरलं होतं, काखेतल्या गाठींत, आणखी कुठे कुठे. बोटं वळत नव्हती, ताप उतरत नव्हता, आणि सहा वर्षं डॉक्टर सांगत होते, मनाचे खेळ आहेत. इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीविरुद्धच्या सुनावणीतून तिला एवढंच हवं होतं, की ही बाई खोटं बोलत नव्हती हे कुणीतरी कागदावर लिहून द्यावं.

"ठळक अक्षरात लिहायला सांग," ती भाचीला म्हणायची. "मला चष्म्यातूनही कमीच दिसतं."

चौथ्या सोमवारी बरणी दोनशे एकोणपन्नास भरली.

भाचीने प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासला. काटा बरोबर होता. बाकी बरण्या जिथल्या तिथे होत्या, सील शाबूत होतं. फक्त या एका बरणीला काट्यावरचा शेवटचा आकडा स्थिर राहत नव्हता, सारखा एकाने वरखाली होत होता. तिने पंखा बंद केला, खिडकी लावली. आकडा हलतच राहिला.

पुढच्या सोमवारी दोनशे अठ्ठावन्न. वकीलबाईंनी सील दोनदा उजेडात धरून पाहिलं आणि दुसरा काटा मागवला. तोही तेच म्हणाला. वकीलबाईंनी सही केली, पण त्या दिवशी चहा तसाच ठेवून गेल्या.

त्याच आठवड्यात मावशीने फोन करून सांगितलं, की दोन वर्षांनी सुईत दोरा ओवला, तोही पहिल्या फटक्यात. ताप नव्हता. भाची हसली, आणि फोन ठेवल्यावर किती तरी वेळ वहीकडे बघत बसली. तिकडून जे जात होतं ते इकडे येत होतं. हे वाक्य तिला येत होतं. ते सांगायचं कुणाला, ते कळत नव्हतं.

सुनावणीत कंपनीच्या तज्ज्ञाने सगळ्यांदेखत बरणी तोलली. दोनशे ऐंशी. वहीतल्या वाढत्या आकड्यांवर तो नुसता हसला. निकालात लिहिलं होतं, गळती झालेली नाही, तक्रार ही अर्जदाराची समजूत आहे.

पायऱ्या उतरताना मावशीनेच भाचीचा हात धरला. "जाऊ दे गं. अंग तर हलकं झालं. न्याय नि तब्येत एकाच दिवशी मागू नये, दोन्ही रुसतात."

मग तिने निकालाच्या कागदाची बारीक घडी केली आणि पर्समध्ये अगदी तळाशी ठेवली.

पुढच्या सोमवारी भाचीने केवळ सवयीने बरणी काट्यावर ठेवली.

दोनशे शहाऐंशी.

आता अंगात सदतीस ग्रॅमांतलं काही उरलेलं नव्हतं.

मावशी स्वतःचे कपडे उसवून आत घेऊ लागली. आधी दोन बोटं, मग चार. तपासण्यांत काही निघेना. बरणी तीनशे दहा झाली, तीनशे अठ्ठेचाळीस झाली. आतल्या वस्तूचा आकार मात्र तेवढाच होता. केस संपल्यामुळे एक फॉर्म आला होता: परत हवं की नष्ट करायचं. मावशीने रुग्णालयाच्या खाटेवरूनच 'नष्ट' वर खूण केली. भाची म्हणाली, थांबू या थोडं.

"जाळून टाका ते," मावशी म्हणाली. "माझ्या अंगावर फार दिवस राहिलंय."

खाटेला अडकवलेल्या तक्त्यावर नाडी रोज तीच असायची. अठ्ठ्याऐंशी.

रविवारी दुपारी मावशी गेली. तिला उचलणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकच पुरला असता.

सोमवारी भाचीने फ्रीज उघडला. आत चार अंश तापमान होतं. एकेचाळीस नंबरची बरणी हाताला कोमट लागली.

चारशे बारा ग्रॅम. शेवटचा आकडा हलत होता.

पंखा बंद होता. खिडकी लावलेली होती.

तिने घड्याळ समोर ठेवलं आणि आकडा किती वेळा हलतो ते मिनिटभर मोजलं.

अठ्ठ्याऐंशी.

जाळायचा वैद्यकीय कचरा नेणारी गाडी खाली येऊन उभी राहिली. हॉर्न वाजला. वकीलबाईंनी पुढून विचारलं, बरणी काढलीस का?

तिने पुन्हा मोजलं.

एकशे चौदा.