पोपटाने उष्टावलेला पेरू

तामसीच्या बसथांब्यामागे उद्धवरावांच्या शेताच्या बांधावर एक पेरूचे झाड आहे. डिसेंबरातल्या एका सकाळी, धुके पुरते विरलेले नसताना, भाग्यश्री त्याच्याखाली वाकून काहीतरी शोधत होती. तोंडाला स्कार्फ, उघडे होते ते फक्त डोळे.

“चांगले पेरू वर हायेत जी. पडलेले काऊन उचलून राह्यले?”

हेल्मेटच्या काचेवरचे दव पुसायला गाडी थांबवलेला एक तरुण बांधावर उभा होता.

“पोपटानं चाखलेलाच पाह्यजे,” ती म्हणाली. अनोळखी माणसाशी खोटे बोलण्याइतका वेळ मिळाला नव्हता. “उष्टा पेरू खाल्ला का लेकरू बोलते म्हणतात.”

“म्हणतात… आन् तुमाले पटते?”

भाग्यश्री प्राणिशास्त्राची पदवीधर होती. पोपट बोलत नाही, नक्कल करतो, आणि ती क्षमता लाळेतून संक्रमित होत नाही, हे तिला ठाऊक होते.

“नाही पटत,” ती म्हणाली. “तरी नेऊन राह्यली.”

तो हसला नाही. हात उंचावून त्याने एक फळ तोडले, उजेडात फिरवून पाहिले आणि गंभीरपणे तिच्या तळहातावर ठेवले. “हा घ्या. चोचीची खूण हाय. अस्सल माल.”

डोळे मात्र हसत होते. कानांच्या पाळ्या तापल्याचे तिला जाणवले. स्कार्फ असल्याचे बरे वाटले.

पेरू राहीसाठी होता. राही तिच्या भावाची मुलगी. चौथे वर्ष लागले तरी एक शब्द बोलत नव्हती. उपाय भाग्यश्रीच्या आईचा, द्वारकाबाईंचा होता. भाग्यश्री गावातल्या अंगणवाडीची टीचर. असल्या उपायांवर विसंबू नका, असे ती इतर आयांना सांगत असे. घरात मात्र राही पाहुण्यांसमोर येत नसे, आणि अंगणवाडीतही नाही. टीचरच्या घरचेच लेकरू मुके, हे वाक्य तिला कोणाच्या तोंडून ऐकायचे नव्हते.

त्याच दुपारी आदिलाबादला अंगणवाडी टीचरांच्या प्रशिक्षणात तोच तरुण फळ्यासमोर उभा राहिला. नाव हर्षदीप, गाव मुधोळ, काम वाचा-उपचार. बोलण्याचे आणि हातांच्या हालचालींचे उपचार वेगळ्या खोलीत नेऊ नका, तो सांगत होता; अंडे सोलताना, हात धुताना, सरकी निवडताना ते करा, सगळ्या मुलांसोबत. मग वातावरण सैल करण्यासाठी त्याने सकाळचा प्रसंग सांगितला. पोपट, पेरू, स्कार्फवाली बाई.

सभागृह हसले. भाग्यश्रीही हसली… शेजारणीपेक्षा अंमळ मोठ्याने.

“लेकराचं वय तेवढं विचारायचं राहून गेलं,” तो शेवटी म्हणाला. मग प्रत्येकीला विचारत तिच्यापर्यंत आला. “तुमच्या केंद्रात कोणी न बोलणारं, टीचर?”

“नाही, सर.”

त्यानंतर प्रशिक्षणाचा पुढचा भाग म्हणून तो दर आठवड्याला तामसीच्या अंगणवाडीत येऊ लागला. गाडीचा आवाज आला की ती केस सारखे करी, आणि लगेच स्वतःवरच चिडे. राही त्या वेळीही घरी कोंडलेली असे. मग ही कसली उत्सुकता?

“टीचर, तुमी लई घाई करता,” एकदा उकडलेले अंडे हातात धरून तो म्हणाला. “लेकराच्या तोंडातला शब्द तुमीच बोलून टाकता. अंडं दाखवा, डोळ्यांत पाहा, आन् थांबा.”

“किती थांबायचं?”

“आपल्याले कसंतरी वाटेपर्यंत. मग अजून थोडं.”

हे सांगताना तो तिच्याच डोळ्यांत पाहत होता. आधी नजर कोणी हलवली, हे नक्की सांगता येणार नाही.

“तुमचा आवाज वळखीचा वाटते…”

“तामसीत सगळ्यायचा आवाज असाच हाय,” ती म्हणाली आणि भांडी उचलायला गेली.

घरी तिने राहीसमोर अंडे धरले. थांबली. राही अंड्याकडे पाहत राहिली. पाठीमागे द्वारकाबाईंच्या हातून ताट पडले, तरी तिने मान वळवली नाही. भाग्यश्री मात्र दचकली. जे पहिल्याच दिवशी दाखवायला हवे होते, ते आपला आब राखण्यासाठी आपण घरात कोंडून ठेवले.

पुढच्या भेटीला ती राहीचा हात धरून केंद्रात आली. तोंडाला मुद्दाम तोच स्कार्फ बांधला होता. राहीच्या मुठीत उष्टा पेरू होता.

हर्षदीपने पेरू पाहिला. मग डोळे.

“त्या… तुमी होत्या.”

“हो. माझ्या भावाची लेक हाय. तुमाले खोटं सांगतलं मी.”

“मी तर चारचौघांत हसं केलं तुमचं.” त्याचा चेहरा उतरला होता.

“मीबी हसली, सर. आपल्याच लेकरावर.”

तो राहीसमोर जमिनीवर बसला, तिची नजर मिळेपर्यंत थांबला. “आधी कान तपासू,” तो हळूच म्हणाला. त्याने दोष दिला नाही, म्हणून तिला आणखीच लाज वाटली.

राहीला कमी ऐकू येत होते. पेरूचा त्यात काही संबंध नव्हता. कानांमागे यंत्रे बसली. अंडे सोलायला तिची बोटे शिकली. आणि एका दुपारी, साऱ्या मुलांच्या पंगतीत, बराच वेळ थांबल्यावर तिने “दे” म्हटले. चमत्कार नव्हता तो. पण भाग्यश्रीला अंडे देताना समोरचे नीट दिसत नव्हते.

त्या संध्याकाळी भाग्यश्रीला घरी सोडताना हर्षदीपने गाडी पेरूजवळ थांबवली. चोचीची खूण असलेले एक फळ शोधले, शर्टाला पुसले आणि चावा घेतला.

“हे काय करून राह्यले?”

“एक सांगायचं हाय. जीभच वळून नाही राह्यली. म्हटलं, उपाय करून पाहू.”

पुढचा शब्द तिला कळला होता. तो तिच्याच तोंडी आला होता… तिने ओठ मिटले, त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि थांबली. कसेतरी वाटेपर्यंत. मग अजून थोडे.

“भाग्यश्री,” तो म्हणाला. ‘टीचर’ गळून गेले होते. “मुधोळले येता माझ्यासंगं? आईले भेटाले… म्हंजे, माझी होणारी म्हणून.”

“येते,” ती म्हणाली. “पण पेरूनं गुण आला असं सांगू नका तिथं. पुरावा नाही.”

त्याच्या हनुवटीवर पेरूचा रस ओघळला होता. तिने तोंडावरचा स्कार्फ सोडला आणि पुसायला त्याच्या हातात दिला.