आमचुरात भिजलेली आतडी

आमचं जमलं ते बोकडाच्या आतड्यांवरून. मैत्रिणींना हे सांगितलं की त्या नाकं मुरडतात. त्यांच्यापैकी कुणाचं लग्नाच्या नाचात जमलं, कुणाचं कॉलेजच्या बसमध्ये. माझ्या नशिबी मुनव्वरचाचांचं मटणाचं दुकान आलं, त्याला मी काय करू?

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. खापर गावच्या बाजारात मी आईसाठी, म्हणजे दिवलीबाईंसाठी, आतडी घ्यायला गेले होते. आतड्यांचं कालवण करावं तर आईनेच. मी पुड्याला हात घातला आणि दुसऱ्या बाजूने अजून एक हात आला. लांब बोटं, अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग. मी वर पाहिलं. तोंड अगदी गंभीर, पण डोळे मात्र हसत होते.

"आज एकच बोकड कापेल शे," चाचा म्हणाले. "आते तुम्हीच ठरावा, कोनले देऊ."

"तिलेच द्या," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "फक्त मले एक सांग... तू ह्या आतड्या धुवाले किती येळ लावस?"

मी रागाने भिलीत उत्तर दिलं, तुला काय करायचंय, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. तोही डोंगरातलाच निघाला, आमच्या पाड्यापासून दोन टेकड्या पलीकडचा. पुढचं सगळं आम्ही भिलीतच बोललो. इथे शाळेतली मराठी वापरते आहे, तेवढं चालवून घ्या.

त्याचं नाव ईश्वर. तीन वर्षं बडोद्याच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात होता. तिथे तो सॉसेज करायला शिकला. खिमा मसाल्यात मळायचा, धुतलेल्या आतड्यात भरायचा आणि धुरावर धरायचा. दिवाळीला घरी आला आणि परत जाववेना. चाचांची मोठी बहीण अख्तरबानो हायवेवर हॉटेल चालवते. तिला असं काहीतरी नवं हवं होतं, आणि ते करणारा माणूसही. तिची अट एकच होती. "तवावर फुटनी, तं मले नको."

आणि ती फुटत होती. पहिल्यांदा त्याने आतडी सुरीने खरवडली, तर बारीक भोकं पडली. दुसऱ्यांदा हावरटासारखा खिमा कोंबला. तिसऱ्यांदा फुटली नाही, पण अख्तरबानो बराच वेळ चावत बसली आणि शेवटी तिने तो घास रुमालात काढून ठेवला. आता एकच संधी उरली होती, परवाच्या शुक्रवारची. शनिवारच्या बडोद्याच्या बसचं तिकीट त्याने काढूनच ठेवलं होतं. आमच्याकडे आतडी आई धुते आणि ती कधी फाटत नाहीत, असं मी बोलून गेले.

"तुझी आई आतडी कशी धुते ते शिकव," तो म्हणाला. "पहिली सॉसेज तुला."

"आणि फुटली तर?"

"तर दोन तुकडे होतील. एक तुझा... एक माझा."

असल्या माणसाला खरं तर तिथेच सोडून यायला हवं होतं. मी त्याला घरी घेऊन आले.

आई सुरी वापरत नाही. बांबूची चीप घेते, बोथट कडेची, आणि आतडं उलटं करून हळूहळू ओढत नेते. आतलं चिकट सगळं निघून जातं आणि हातात राहते ती काचेसारखी पातळ नळी. ईश्वर दुपारभर तिच्यासमोर उकिडवा बसून शिकला. थंडगार पाण्यात आमची बोटं दोन-तीनदा एकमेकांना लागली. त्यातली एक वेळ चुकून होती.

संध्याकाळी जाताना तो सांगून गेला, सकाळपर्यंत मिठाच्या पाण्यात ठेव. मी हो म्हटलं, पण मनाला पटेना. पाण्यात ठेवलेली वस्तू नासते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. जपायचं ते चुलीवरच्या माळ्यावर जातं. मक्याचं बी, सुकी मासळी, मिरच्या, सगळं धुरात टिकतं. म्हणून मी ती आतडी एकेक करून, अगदी मायेने, माळ्याच्या बांबूवर टांगली.

सकाळी खाली काढली तर खाटेची सुतळी झाली होती.

पाण्यात टाकली, तरी ताठरपणा जाईना. एक नरसाळ्याच्या नळीवर चढवून पाहिलं, ते उभं फाटलं. दुसरी आतडी आणायची तर चाचांचा पुढचा बोकड रविवारी, आणि याची बस शनिवारी. तेव्हा मला कळलं की मला सॉसेजची काळजी नव्हतीच... तो जाईल याची होती. एका दिवसाची ओळख, आणि मी अशी.

मांजराने घोळ केला असं सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. तो शीळ घालत टेकडी उतरून आला आणि मी एका दमात खरं ते सांगून टाकलं.

तो अंगणात बसला. मातीत बोटाने रेघोट्या ओढू लागला.

"रागावलास?"

"नाही," तो म्हणाला. "तिकिटावरचा नंबर आठवत होतो."

यापेक्षा ओरडला असता तर बरं. मी आत गेले, उगीच डबे हलवले, आणि कोपऱ्यात उन्हाळ्यातल्या आमचुराचं पोतं दिसलं. म्हाताऱ्या बोकडाचं मटण शिजेना की आई काय करते? मूठभर आमचूर टाकते. मी कोमट पाण्यात दोन मुठी आमचूर कालवलं आणि उरलेली आतडी त्यात बुडवली. ईश्वर मागे येऊन उभा राहिला. बडोद्याचा उस्ताद पाण्यात सिरका टाकायचा, तो वासासाठी असं आपण इतके दिवस समजत होतो, असं तो हळूच म्हणाला.

दुपारपर्यंत आतडी मऊ झाली, बोटावरून घरंगळायला लागली. तो नरसाळ्यातून खिमा दाबायचा आणि मी नळीवरचं आतडं धरून सैल सोडत जायची. मी जास्त ताणते असं तो म्हणे, तो जास्त कोंबतो असं मी. कुठे हवेचा फुगा दिसला की बाभळीच्या काट्याने टोचायचा. एकदा काटा माझ्याच बोटात गेला. रक्ताचा एकच थेंब आला होता, पण त्याने बोट हातात धरून ठेवलं ते आई खोकेपर्यंत.

मग सावलीत टांगून साल कोरडी होऊ दिली, कारण ओल्या सालीवर काजळी बसते, हे त्याचं ज्ञान. दाणे काढलेली मक्याची कणसं पेटवून मंद धूर केला. संध्याकाळी सॉसेज तांबूस झाल्या होत्या, एकही सुरकुती नाही.

शुक्रवारी अख्तरबानोने तवा ठेवला. तेल तापलं. तिने एक सॉसेज सोडली आणि ती फुगायला लागली... मी डोळे मिटले. शेजारी ईश्वरचा श्वास थांबलेला ऐकू येत होता. तव्यावर नुसतं चुरचुरणं. फट्कन आवाज आला नाही. तिने उलटवली, तरी नाही.

डोळे उघडले तेव्हा ती चावत होती. पहिल्याच चाव्यात साल करकन तुटली.

"सालले आंबट चव कशी काय उनी?" तिने विचारलं. "आनि धुराची पन?"

ईश्वरने माझ्याकडे पाहिलं. "हिनी चूक करी म्हनून."

"मंग दर खेपेला अशीच चूक करा," अख्तरबानो म्हणाली. "सोम्मारपाईन कामले ये."

बाहेर हायवेवर ट्रक धडधडत होते आणि मला मात्र दोन दिवसांनी पोटभर श्वास मिळाल्यासारखं वाटत होतं. ईश्वरने खिशातून तिकीट काढलं, त्याच्या चार घड्या घातल्या, पुन्हा उलगडलं.

"रिना... आतडी दर आठवड्याला माळ्यावर टांगावी लागणार आता."

"टांगीन की."

"कोणाच्या चुलीवर? तुमच्या... की आमच्या?"

"दोन टेकड्या रोज कोण चढणार?" मी म्हटलं. "एकच चूल कर."

त्याचे कान लाल झाले. मोठा फाजील बोलणारा, पण पुढे थेट घरापर्यंत एक शब्द नाही. फक्त पाड्याच्या चढावर माझा हात धरला, तो सोडला नाही. घरून मागणीला माणसं पाठवतो, एवढं मात्र अंगणाशी आल्यावर म्हणाला.

आई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "फुटली का?"

"नाही," मी म्हटलं, आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिथे, चुलीपाशी, फुटलं.

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अंगणात उभ्या असलेल्या ईश्वरकडे. मग परातीत अजून एका भाकरीचं पीठ घेतलं.